एका बाजूला फुल, दुसऱ्या बाजूला हाफ

शाखेतून तक्रार आली ती नेहमीच्याच शब्दांत: "नेट चालू आहे, पण काहीच चालत नाहीये."

नाशिकजवळची छोटी शाखा. वीसेक माणसं, एक राउटर, एक स्विच. पुण्यात बसून तिथल्या एका पीसीला पिंग केलं, म्हणजे 'आहेस का' अशी छोटी हाक पाठवली, तर दहा-बारा मिलिसेकंदांत उत्तर, एकही गहाळ नाही. राउटरवरचा दिवा हिरवा, स्विचवरचा हिरवा. पण हिशेबाची फाइल सर्व्हरवर चढवायला गेलं की पट्टी रांगत रांगत पुढं जायची आणि मध्येच बसकण मारायची. सकाळी साडेनऊला, माणसं यायच्या आधी, सगळं ठीक. अकरा वाजले की रडारड सुरू. आधी लाइन पुरवणाऱ्यांना फोन केला. त्यांनी त्यांच्या बाजूनं सगळं व्यवस्थित असल्याचं सांगितलं. ते नेहमीच तसं सांगतात, या वेळी खरं होतं. मग शाखेतल्या मुलाला पॅच कॉर्ड बदलायला लावली. एकदा नाही, तीनदा.

शेवटी राउटरची कॉन्फिगरेशन वरून खालपर्यंत वाचत बसलो, तेव्हा मधेच एक ओळ सापडली: 'नो सीडीपी लॉग मिसमॅच डुप्लेक्स'. म्हणजे डुप्लेक्स, म्हणजे तारेवर एकमेकांशी बोलायची रीत, दोन टोकांना जुळत नसल्याचा इशारा राउटर देत होता, आणि आधीच्या कुणीतरी तो इशाराच बंद करून ठेवला होता. लॉगमध्ये, म्हणजे यंत्राच्या नोंदवहीत, दर मिनिटाला तीच ओळ येते म्हणून वैतागून केलं असणार. शेजारी कुत्रं भुंकतंय म्हणून आपण कानात बोळे घालावेत, तसलं काम. मी ती ओळ काढली. मिनिटाच्या आत इशारा हजर.

तो इशारा सिस्को कंपनीच्या यंत्रांवर कसा दिसतो ते आधी पाहू, कारण पहिल्यांदा वाचताना माणूस हमखास गोंधळतो. सुरुवातीला 'सीडीपी-४-डुप्लेक्स मिसमॅच' असं लिहिलेलं असतं. यातला ४ म्हणजे गांभीर्याची पायरी. शून्य सगळ्यात गंभीर, सात सगळ्यात किरकोळ. चार म्हणजे 'वॉर्निंग'. पुढं आपल्या पोर्टचं नाव आणि त्याच्याजवळ 'नॉट हाफ डुप्लेक्स', मग शेजारच्या यंत्राचं नाव, त्याचं पोर्ट आणि 'हाफ डुप्लेक्स'. सरळ 'फुल' म्हणायचं सोडून 'हाफ नाही' असं का म्हणतात देव जाणे, पण अर्थ तोच: मी फुल आहे, समोरचा हाफ आहे. समोरच्या यंत्राच्या लॉगमध्ये हीच ओळ उलटी दिसते.

सीडीपी हा सिस्कोच्या यंत्रांचा आपापसातला ओळख सांगायचा प्रोटोकॉल. प्रत्येक पोर्टमधून दर ६० सेकंदांनी यंत्र सांगतं की मी अमुक, हे माझं तमुक पोर्ट, आणि मी सध्या फुल आहे की हाफ. समोरचं यंत्र ते आपल्या स्थितीशी ताडून पाहतं. जुळलं नाही की लॉगमध्ये ओळ. म्हणून ती मिनिटाला येते. आणि म्हणूनच, दोन्ही टोकांना सीडीपी बोलणारी यंत्रं नसतील तर हा इशारा मिळत नाही. बाकीच्या कंपन्यांच्या यंत्रांत त्याच कामाचा एलएलडीपी असतो. त्यातही ही माहिती पाठवायची सोय आहे, पण ती पाठवायची का आणि आलेली ताडून ओरडायचं का, हे त्या त्या यंत्रावर अवलंबून.

आता मुळात हाफ आणि फुल म्हणजे काय.

इथरनेटचा जन्म १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टोमधल्या संशोधन केंद्रात झाला. बॉब मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी तो घडवला. तेव्हाच्या रचनेत एकच जाड केबल असायची आणि सगळी यंत्रं तिलाच टोचलेली. एक बोलत असताना दुसरा बोलला की दोघांचे सिग्नल एकमेकांत मिसळून कचरा व्हायचा. म्हणून नियम साधा: आधी ऐका, केबल शांत असेल तरच बोला, बोलता बोलताही ऐकत राहा, आणि टक्कर झाली तर दोघंही थांबा, थोडा वेळ वाट पाहा, मग पुन्हा प्रयत्न करा. वाट किती पाहायची हे प्रत्येकजण फासे टाकल्यासारखं ठरवतो, नाहीतर दोघं पुन्हा एकदमच सुरू होतील. हे झालं हाफ डुप्लेक्स. एका वेळी एकानंच बोलायचं.

पुढं १९९० मध्ये टेलिफोनसारख्या पिळाच्या तारांवरचं इथरनेट आलं. आपण आज जी केबल वापरतो तिचा पूर्वज. त्यात जाण्यासाठी एक जोडी आणि येण्यासाठी वेगळी जोडी. मध्ये हब, म्हणजे एकाचं बोलणं सगळ्यांना पोचवणारा साधा डबा, असेल तर अजूनही एकाच वेळी एकच बोलू शकायचा, पण हबच्या जागी स्विच आला की दोघांमध्ये तिसरा कुणी उरला नाही. जायची वाट वेगळी, यायची वेगळी, मग थांबायचं कशाला? दोघंही एकदम बोला. हे फुल डुप्लेक्स, आणि ते १९९७ मध्ये मानकात रीतसर बसलं. फुल डुप्लेक्समध्ये टक्कर ही कल्पनाच नाही. म्हणून तिथं कुणी आधी ऐकतही नाही.

गावाकडच्या जुन्या अरुंद पुलाचं चित्र डोळ्यांसमोर आणा. एका वेळी एकच गाडी जाणार. पलीकडून कुणी आत शिरलेलं दिसलं की आपण थांबायचं. आता त्याच नदीवर नवा दुपदरी पूल झाला. पलीकडच्या गावातल्या ड्रायव्हरला हे माहीत आहे. तो न थांबता, न बघता आपल्या पदरातून सुसाट येतो. अलीकडच्या ड्रायव्हरला मात्र कुणी सांगितलेलंच नाही. तो जुन्या नियमानं चालतो. रिकामा दिसला म्हणून पुलावर चढतो, अर्ध्यात पोचतो, समोरून हेडलाइट दिसतात आणि घाबरून ब्रेक मारतो. माल तिथंच टाकतो आणि मागं फिरतो. खरं तर समोरची गाडी शेजारच्या पदरातून निघून गेली असती. टक्कर झालेलीच नाही. पण याच्या नियमाप्रमाणे झाली.

डुप्लेक्स मिसमॅच म्हणजे अगदी हेच. तारेत काहीही आदळत नाही. हाफवाल्या यंत्रानं पाठवत असताना येणाऱ्या जोडीवर काही ऐकलं, की ते त्याला टक्कर समजतं आणि आपली फ्रेम, म्हणजे डेटाचं एक पाकीट, अर्धवट सोडून देतं. फुलवाल्या टोकाला ती अर्धी फ्रेम पोचते, आणि तो म्हणतो, हा काय तुकडा आलाय, तपासणीची बेरीज जुळत नाही, फेका. त्याच गडबडीत फुलवाल्यानं पाठवलेली फ्रेमही हाफवाल्याकडे वाया जाते, कारण पाठवताना घ्यायचं नाही हा त्याचा नियम. दोन्ही यंत्रं आपापल्या नियमाला धरून चाललेली. नियम मात्र दोन.

पिंग का चालतं, हे आता लक्षात येईल. एक विनंती जाते, मग एक उत्तर येतं, मग सेकंदभर शांतता. दोघं एकाच क्षणी बोलायची वेळच येत नाही. सकाळी साडेनऊला शाखा ठीक चालायची तीही याचमुळे. फाइल पाठवताना मात्र एका दिशेनं डेटाचा लोंढा आणि त्याच वेळी उलट दिशेनं 'मिळालं, मिळालं' अशा पोचपावत्या. टीसीपीची, म्हणजे डेटा नीट पोचला का हे पाहणाऱ्या प्रोटोकॉलची, वागण्याची रीतच ही आहे. त्यात वीस माणसं एकदम कामाला लागली की काय होईल?

थोडा आकड्यांचा हिशेब करतो, कारण या दुखण्याची सगळ्यात खात्रीची खूण त्यातच आहे. शंभर मेगाबिटच्या पोर्टवर पूर्ण भरलेली फ्रेम, म्हणजे आतला १५०० बाइटचा मजकूर, पत्ते, तपासणीची बेरीज आणि फ्रेमच्या आधी जाणारी 'येतेय' अशी खूण मिळून १५२६ बाइट. ती तारेवर चढवायला साधारण १२२ मायक्रोसेकंद लागतात. हाफ डुप्लेक्सच्या नियमाप्रमाणे टक्कर व्हायची असेल तर ती पहिल्या ६४ बाइटांतच व्हायला हवी, म्हणजे ५.१२ मायक्रोसेकंदांत. कारण तेवढ्या वेळात तारेवरच्या सगळ्यांना कळतं की कुणीतरी बोलतंय, आणि मग नियम पाळणारा कुणी मध्ये तोंड घालत नाही. त्यानंतर झालेली टक्कर ही नियमबाह्य. तिला 'लेट कोलिजन' म्हणतात, आणि तिचा वेगळा काउंटर असतो.

आता फुलवाला काही ऐकून थांबत नाही. त्याला वाटेल त्या क्षणी तो बोलायला लागतो. १२२ मायक्रोसेकंदांच्या फ्रेममध्ये तो पहिल्या पाचांतच टपकेल याची शक्यता किती? शंभरात चार. उरलेल्या शहाण्णव वेळा टक्कर उशिराचीच.

आणि उशिराच्या टक्करीचं दुःख वेगळं आहे. साधी टक्कर झाली तर इथरनेटचं कार्ड स्वतःच पुन्हा प्रयत्न करतं, सोळा वेळांपर्यंत, आणि वरच्या कुणाला पत्ताही लागत नाही. लेट कोलिजन झाली की बहुतेक कार्डं ती फ्रेम सोडून देतात. मग ती हरवल्याचं वरच्या टीसीपीला कळायला हवं. कधी पुढच्या पोचपावत्यांवरून लवकर कळतं, कधी ठरावीक वेळ संपायची वाट पाहावी लागते. लिनक्समध्ये ही वाट कमीत कमी २०० मिलिसेकंदांची असते. ऐकायला काहीच नाही, डोळ्याची पापणी लवते तेवढा वेळ. पण तेवढ्यात त्याच तारेवरून सोळाशेवर पूर्ण फ्रेम गेल्या असत्या. वर प्रत्येक नुकसानीनंतर टीसीपी घाबरून आपला वेगही उतरवतं. म्हणून शंभर मेगाबिटची तार एखाद्या जुन्या मोडेमसारखी वागायला लागते, आणि पट्टी बसकण मारते.

हाफ आलं कुठून?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि उत्तर माहीत नसल्यामुळेच हे दुखणं पुन्हा पुन्हा होतं. शाखेत कुणी 'हाफ' असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. स्विचच्या पोर्टवर 'स्पीड १००, डुप्लेक्स फुल' असं हातानं बसवलेलं होतं. राउटरवर काहीच लिहिलेलं नव्हतं, म्हणजे तो ऑटोवर. आणि तरी राउटर हाफवर जाऊन बसला.

ऑटो म्हणजे ऑटो-निगोशिएशन. हे १९९५ मध्ये शंभर मेगाबिटच्या इथरनेटबरोबर मानकात आलं. निगोशिएशनला मराठीत 'बोलणी' हाच शब्द चपखल आहे, अगदी लग्नाच्या बोलणीसारखा. केबल जोडली की डेटा सुरू व्हायच्या आधी दोन्ही पोर्ट बारीक पल्सांची जुडगी पाठवतात. त्यात सोळा बिटांचा एक निरोप असतो: मला दहा हाफ जमतं, दहा फुल जमतं, शंभर हाफ जमतं, शंभर फुल जमतं. दोघं एकमेकांची यादी पाहतात आणि दोघांना जमणाऱ्यातलं सगळ्यात चांगलं निवडतात. दोन्हीकडे ऑटो असेल तर शंभर फुल ठरतं आणि कुणाला काही कळायच्या आत काम सुरू.

एका बाजूला हातानं शंभर फुल बसवलं की ते पोर्ट बोलणीला येतच नाही. ते थेट शंभरचा सिग्नल सुरू करतं. "आमचं ठरलंय." ठरलंय काय, ते मात्र सांगत नाही. लोकांचा मोठा गैरसमज इथं आहे. त्यांना वाटतं, मी माझ्या बाजूला फुल लावलं म्हणजे समोरच्याला ते ऐकू जाईल आणि तोही फुल होईल. ऐकू काहीच जात नाही.

ऑटोवालं पोर्ट बिचारं वाट पाहतं. पल्सांची जुडगी येत नाही, पण तारेवर शंभरचा सिग्नल तर येतोय. सिग्नलच्या ठेवणीवरून वेग ओळखता येतो: दहाचा सिग्नल वेगळा, शंभरचा वेगळा. म्हणून वेग बरोबर लागतो, लिंक अप होते, दिवा हिरवा होतो. डुप्लेक्स मात्र सिग्नलवरून ओळखता येत नाही, कारण फुल असो की हाफ, सिग्नल सारखाच. मग काय धरायचं? मानक सांगतं, हाफ धरा.

यात मूर्खपणा नाही. १९९५ साली बोलणी न करणारं यंत्र म्हणजे बहुतेक वेळा हब किंवा जुनं कार्ड, आणि ते हाफच असणार. चुकून फुल धरलं आणि पलीकडे हब निघाला, तर त्या हबवरच्या सगळ्यांचं नुकसान. हाफ धरणं हा त्या काळचा शहाणपणाचा अंदाज. फक्त त्यात एक गृहीत होतं, की बोलणीला न येणारा जुनाट असेल. मुद्दाम बोलणी बंद करून बसलेला नवा कोरा स्विच असेल, हे त्यात नव्हतं.

मग लोक मुद्दाम बंद का करतात? त्यालाही इतिहास आहे. सुरुवातीच्या वर्षांत निरनिराळ्या कंपन्यांनी मानकाचा अर्थ आपापल्या परीनं लावला, आणि ऑटो खरंच बिघडायचं. तेव्हा जाणकारांचा सल्ला असायचा, सर्व्हर आणि राउटरचे पोर्ट हातानं शंभर फुलला बांधा. तो सल्ला त्या काळात बरोबर होता. मानकातल्या या जागा नंतर नीट केल्या गेल्या, यंत्रं सुधारली, पण सल्ला एकाकडून दुसऱ्याकडे तोंडी जात राहिला. 'महत्त्वाचं पोर्ट हार्डकोड करायचं' हे वाक्य मी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात ऐकलं होतं. त्यातला 'दोन्ही बाजूंना' हा भाग तोवर गळून पडला होता.

गिगाबिटला, म्हणजे हजार मेगाबिटच्या इथरनेटला, हे दुखणं जवळजवळ होत नाही, कारण १९९९ च्या गिगाबिटच्या तांब्याच्या मानकात ऑटो सक्तीचं आहे. तिथं चारही जोड्यांवरून दोन्ही दिशांनी एकदम बोलणं चालतं, आणि घड्याळाचा ताल कुणाचा धरायचा हेसुद्धा बोलणीतच ठरतं. बोलणी नाही तर लिंक नाही. पण गिगाबिटचं पोर्ट शंभरवर उतरून काम करत असेल तर तेही याच जाळ्यात सापडतं. शंभरची यंत्रं अजून भरपूर आहेत: हजेरीचं बोटांचे ठसे घेणारं मशीन, प्रिंटर, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर, कारखान्यातले कंट्रोलर, लीज्ड लाइनवाल्यांनी भिंतीवर टांगलेला मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि तांब्याची तार जोडणारा डबा.

शोधायचं कसं

'शो इंटरफेस स्टेटस' ही आज्ञा द्या. डुप्लेक्सच्या खान्यात 'ए-फुल' दिसलं तर बोलणी होऊन फुल ठरलंय. नुसतं 'फुल' म्हणजे हातानं बांधलंय. आणि 'ए-हाफ' दिसलं, तर माझ्या अनुभवात दहातल्या नऊ वेळा दुसऱ्या टोकाला कुणीतरी हात लावलाय. दहाव्या वेळी तिथं खरंच एखादा जुना हब किंवा तसलंच यंत्र निघतं. केबलची एखादी जोडी तुटली तर वेग उतरेल किंवा लिंकच पडेल. पण दोन्ही टोकं ऑटो असताना केबलमुळं कुणी हाफ होत नाही. तीन पॅच कॉर्ड बदलायच्या आधी मला हे आठवायला हवं होतं.

राउटरवर 'शो इंटरफेस' नुसतं दिलं तरी मधल्या एका ओळीत डुप्लेक्स आणि वेग दिसतो, खाली काउंटर. लिनक्सच्या यंत्रावर 'एथटूल' पोर्टचं नाव घेऊन चालवलं की तेच कळतं. विंडोजमध्ये कार्डाच्या प्रगत गुणधर्मांत 'स्पीड अँड डुप्लेक्स' शोधा.

काउंटर वाचताना आपण कुठल्या टोकाला आहोत ते आधी बघायचं. हाफवाल्या टोकाला कोलिजन आणि लेट कोलिजन वाढत जातात. फुलवाल्या टोकाला कोलिजन शून्य, पण सीआरसी, रंट, इनपुट एरर वाढतात. रंट म्हणजे ६४ बाइटांहून छोटे तुकडे, सुरुवातीलाच सोडून दिलेले. सीआरसी म्हणजे तपासणीची बेरीज न जुळलेल्या फ्रेम. एका टोकाला लेट कोलिजन आणि दुसऱ्या टोकाला सीआरसी, ही जोडी दिसली की पुढं शोधायची गरज नाही. नुसतंच सीआरसी असेल आणि दोन्ही टोकं फुल असतील तर मात्र केबल, कनेक्टर किंवा पोर्टकडे बघा. दोन्ही टोकं खरंच हाफ असतील तर थोड्याफार साध्या टक्करी हा आजार नाही.

एक सावधगिरी. हे काउंटर यंत्र सुरू झाल्यापासून साठत असतात. दोन वर्षांपूर्वीच्या बिघाडाचे आकडे आज पाहून कपाळ बडवून घेऊ नका. आधी काउंटर क्लिअर करा, मग दोन्ही बाजूंनी एकदम १५०० बाइटचे हजारेक पिंग सोडा, आणि मग वाचा. दोन्ही बाजूंनी एकदम, हे महत्त्वाचं. एकाच बाजूनं आरामात सोडलेले पिंग आजार लपवतात. शाखेच्या राउटरवर अशा पहिल्याच फेरीत लेट कोलिजनचा आकडा शून्यावरून साठच्या पुढं गेला होता. तेवढं पुरे होतं.

इशारा खोटाही असू शकतो. टेबलाखाली पाच पोर्टचा साधा, बिनडोक्याचा स्विच असतो ना, तो सीडीपीच्या फ्रेम समजून घेत नाही, नुसता पुढं ढकलतो. त्यामुळे त्याच्या दोन्ही बाजूंच्या यंत्रांना वाटतं की आपण थेट जोडलेले आहोत. एक बाजू त्या छोट्या स्विचशी हाफमध्ये बोलतेय, दुसरी फुलमध्ये, आणि दोन्हीकडे जुळणी बरोबर आहे; पण लॉगमध्ये इशारा. अशा वेळी काउंटर स्वच्छ असतात. इशारा आणि काउंटर यांत मी नेहमी काउंटरवर विश्वास ठेवतो.

याच्या उलट जास्त धोक्याचं. मध्ये स्वतः बोलणी करणारा मीडिया कन्व्हर्टर आहे. आपल्या स्विचवर शंभर फुल बांधलंय, कन्व्हर्टर ऑटोवर, म्हणून तो हाफ झालाय. पलीकडच्या टोकालाही तसंच. दोन्ही स्विच सीडीपीतून एकमेकांना सांगतात, मी फुल, मी फुल. इशारा येतच नाही, आणि मधला कन्व्हर्टर लॉग ठेवणारा नाही. इथं फक्त आपल्या पोर्टवरचे सीआरसी आणि रंट बोलतात. अशा डब्याच्या खालच्या बाजूला बहुधा बारीक खटके असतात, ऑटो की फिक्स ठरवणारे. टॉर्च लावून ते बघा. आणि शंभरच्या फायबरवर, म्हणजे १००बेस-एफएक्सवर, ऑटो-निगोशिएशन मुळातच नाही. तिथं दोन्ही टोकं हातानंच बसवावी लागतात.

दुरुस्ती दोन ओळींची आहे. दोन्ही टोकं तुमच्या ताब्यात असतील तर दोन्ही ऑटो करा. समोरचं टोक दुसऱ्याचं असेल आणि तो 'आमच्याकडे शंभर फुल फिक्स असतं' यावर अडून बसला असेल, तर आपणही शंभर फुल बांधा, आणि त्याच्याकडून ते लेखी घ्या. कारण उद्या त्यानं आपलं यंत्र बदलून ऑटोवर टाकलं की हाफ त्याच्या बाजूला होईल आणि तक्रार तुमच्याकडे येईल. वेग शंभरपुरताच ठेवायचा असेल तर काही स्विचवर ऑटो चालू ठेवून फक्त शंभरच जाहीर करायला सांगता येतं. ते बांधण्यापेक्षा कधीही बरं.

एक खाच आहे. कित्येक स्विच सरळ आणि क्रॉस, म्हणजे जाण्या-येण्याच्या जोड्यांची अदलाबदल केलेली, केबल आपोआप ओळखतात, पण ती ओळख वेग आणि डुप्लेक्स ऑटो असतील तरच नीट चालते. दोन्हीकडे हातानं बांधल्याबरोबर लिंकच पडली, तर घाबरू नका. त्या जागी क्रॉस केबल लागणार आहे. हे शाखेपासून दोनशे किलोमीटरवर बसून कळलं तर मात्र घाबरायला हरकत नाही.

त्यामुळे दूरून बदल करताना क्रम पाळायचा. डुप्लेक्स बदललं की पोर्ट एकदा पडून उठतं. आधी पलीकडचं, दूरचं टोक बदला, मग अलीकडचं. राउटर आधीच ऑटोवर होता, बांधलेला होता तो त्याच्या मागचा स्विच, म्हणून बदल फक्त स्विचवर. त्याच्यावर आधी 'रिलोड इन १०' दिलं: दहा मिनिटांनी आपोआप रीस्टार्ट हो. कॉन्फिगरेशन सेव्ह केली नाही. मग पोर्टवर वेग आणि डुप्लेक्स दोन्ही ऑटो केले. स्क्रीन गोठली. पाच सेकंद, दहा सेकंद. यातलं काही चुकलं असतं तर स्विच स्वतःच रीस्टार्ट होऊन जुन्या सेटिंगवर परत आला असता, म्हणून ती दहा मिनिटं हातात असतात. पण तरी पोटात गोळा येतोच. मग प्रॉम्प्ट परत आला. 'शो इंटरफेस स्टेटस'मध्ये 'ए-फुल', 'ए-१००'. 'रिलोड कॅन्सल' दिलं, आणि मगच सेव्ह.

काउंटर क्लिअर केले, दोन्हीकडून हजार-हजार पिंग सोडले. लेट कोलिजन शून्य, सीआरसी शून्य. शाखेतल्या मुलाला फोन करून फाइल चढवायला सांगितली. तो म्हणाला, "सर, झाली पण." मग थोडं थांबून म्हणाला, "स्विचला चिकटपट्टी लावून कुणीतरी 'राउटर पोर्ट - शंभर फुल' लिहून ठेवलंय. काढू का?"

काढ म्हटलं.